निर्यातीसाठी देश कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्रामुख्याने छोट्या आणि मध्यम उद्योगांसाठी आहे : मसाले, लोणची, फळे, पंप, कास्टिंग, यंत्रांचे सुटे भाग असा माल इथे बनवणारे किंवा पिकवणारे, आणि आता परदेशात पाठवू पाहणारे. परवाने आणि कागदपत्रांची माहिती सगळीकडे मिळते. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र बहुतेकदा घाईत उरकला जातो : माल पाठवायचा कोणत्या देशात?

जिथे सर्वात जास्त खप, तोच देश आधी धरावा ना?

नाही. खप मोठा म्हणजे तिथे आधीपासून बसलेले पुरवठादारही मोठे. सुपरमार्केटच्या फळीवर जागा मिळवायचे पैसे लागतात, किमान मागणी कंटेनरांत मोजली जाते, आणि एखादी खेप अडकली तर वर्षाचा नफा जातो. वर्षाला चार कंटेनर माल बनवणाऱ्या कारखान्याला अमेरिकेची पूर्ण बाजारपेठ नको असते. त्याला चार कंटेनर घेणारे आणि वेळेवर पैसे देणारे दोन आयातदार हवे असतात.

म्हणून देश निवडण्याचे काम हे खरे तर देश बाद करण्याचे काम आहे. जिथे माल शिरूच शकत नाही ते आधी बाद करा, मग जिथे आपली किंमत बसत नाही ते, मग जिथून पैसे येण्याची खात्री नाही ते. उरलेल्या तीन-चार देशांतच पसंती-नापसंतीला अर्थ आहे.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

मालाच्या एचएस कोडपासून. जगभर मालाची वर्गवारी या कोडवर चालते. पहिले सहा अंक सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपापले जोडतो. भारतात एकूण आठ अंक आहेत. ताजी द्राक्षे ०८०६ १०, हळद ०९१० ३०, कांदा ०७०३ १०. पापडाला आपल्याकडे १९०५ ९० ४० असा स्वतंत्र आठ अंकी कोड आहे. परदेशी आकडेवारीत मात्र तो १९०५ ९० या सहा अंकी कप्प्यात ब्रेड, केक, बिस्किटांच्या गर्दीत हरवतो. तो आकडा पाहून ‘जर्मनीत पापडाला केवढी मागणी’ असे समजणारे भेटतात, तेव्हा समजावे की कोड नीट पाहिलेला नाही.

कोड चुकला तर पुढचे सगळेच चुकते : शुल्क, सवलत, नियम, आकडेवारी. शंका असेल तर तिथल्या आयातदाराला किंवा त्याच्या कस्टम एजंटला विचारा, कारण माल सोडवताना शेवटी त्या देशाचे वर्गीकरण चालते, आपले नाही.

आकडेवारी कुठे मिळते?

जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचे ‘ट्रेड मॅप’ हे संकेतस्थळ पहिल्या पाहणीला पुरते. कोणता देश काय, किती आणि कोणाकडून घेतो, हे तिथे सहा अंकी कोडनिहाय दिसते. त्यांचेच ‘मार्केट अ‍ॅक्सेस मॅप’ शुल्क आणि नियम दाखवते. मूळ आकडे संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’मध्ये असतात. भारतातून कुठे काय गेले हे वाणिज्य मंत्रालयाच्या आकडेवारीत आठ अंकी कोडपर्यंत मिळते, आणि शेतमालासाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचे संकेतस्थळ आहे.

किमान पाच वर्षांचे आकडे घ्या. एखाद्या वर्षी तिथले पीक बुडाले म्हणून आयात दुप्पट झालेली असते आणि पुढच्या वर्षी ती जागेवर येते. रक्कम आणि वजन हे दोन्ही उतरवून घ्या. रकमेला वजनाने भागले की सरासरी दर निघतो. आपला माल त्या दराच्या वर बसतो की खाली, यावरून निम्मे देश तिथल्या तिथे गळतात.

आकडे कुठे फसवतात?

पहिली फसगत पुनर्निर्यातीची. संयुक्त अरब अमिरात, नेदरलँड्स, सिंगापूर, हाँगकाँग यांची आयात त्यांच्या खपापेक्षा कितीतरी जास्त दिसते, कारण माल तिथे उतरतो आणि पुढे जातो. भारतीय द्राक्षांच्या निर्यातीत नेदरलँड्स वर्षानुवर्षे अग्रभागी आहे, पण तिथल्या रॉटरडॅम बंदरात उतरलेली पेटी जर्मनीत किंवा आणखी पलीकडेही खपते. नेदरलँड्सला निवडणे चूक नाही. फक्त आपण खाणारे गिऱ्हाईक निवडले नसून वाटप करणारा मधला व्यापारी निवडला आहे, याचे भान असावे. त्याला पुढचे पाच देश खुले असतात, त्यामुळे तो मालाची प्रत काटेकोर पाहतो आणि भाव पाडायलाही कचरत नाही.

दुसरी फसगत सरासरीची. हळदीच्या सरासरी दरात कंटेनरभर सुटी हळकुंडे आणि छोट्या पाकिटातली पूड एकत्र येतात. त्या दरावरून पाकिटाची किंमत ठरवता येत नाही.

तिसरी : दोन देशांचे आकडे जुळत नाहीत. निर्यात करणारा सहसा बंदरापर्यंतची, म्हणजे एफओबी किंमत नोंदवतो. आयात करणारा भाडे आणि विमा धरून, म्हणजे सीआयएफ. पाच-दहा टक्क्यांच्या फरकाने गोंधळू नका. दुपटीचा फरक दिसला तर मात्र माल तिसऱ्याच देशातून फिरतो आहे किंवा कोड वेगळा लावला जातो आहे असे समजा.

एखाद्या देशात भारताचा हिस्सा शून्य आहे. म्हणजे मोकळे रान?

क्वचितच. बहुतेक वेळा दार बंद असते. कधी मालाबरोबर कीड-रोग येऊ नयेत म्हणून केलेल्या नियमांमुळे परवानगीच नसते, तर कधी शेजारच्या देशाला शुल्कमाफी असते आणि आपल्याला नसते. शून्य हिस्सा दिसला की ‘का?’ याचे उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये.

उलट, हिस्सा ८०-९० टक्के असेल तर तिथे शिरणे सोपे, पण झुंज आपल्याच लोकांशी. सांगलीचा हळद-व्यापारी आणि तमिळनाडूतल्या इरोडचा हळद-व्यापारी एकाच आयातदाराला दर देत असतात आणि तो दोघांना झुंजवतो. सुरुवात करायला सगळ्यात बरे देश ते, जिथे भारताचा हिस्सा मधला आहे आणि पाच वर्षांत हळूहळू वाढतो आहे. भारताचा माल तिथे चालतो हे सिद्ध झालेले असते आणि जागाही उरलेली असते.

दार उघडे आहे की बंद, हे आधी कसे कळेल?

खाण्याच्या मालासाठी तीन गोष्टी तपासा : त्या मालाला त्या देशात परवानगी आहे का, कोणती प्रक्रिया सक्तीची आहे, आणि मालात उरणाऱ्या फवारणीच्या औषधांच्या अवशेषांची मर्यादा किती आहे.

आंबा हे यातले सगळ्यात बोलके उदाहरण. एकच हापूस, पण अमेरिकेला पाठवायचा तर ४०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचे एकक) मात्रेचे विकिरण लागते. त्या अटीवर २००७ साली अमेरिकेचे दार उघडले, आणि महाराष्ट्रात लासलगाव व वाशी इथे ती सोय आहे. जपानला विकिरण नको, बाष्प-उष्णता प्रक्रिया हवी. युरोपीय संघाने फळमाशी सापडल्यामुळे १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर आणि चार भाज्यांवर बंदी घातली. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, पण त्यानंतर प्रक्रिया आणि तपासणी कडक झाली. आखातात यातले काहीच लागत नाही. म्हणजे ‘आंब्याला कोणता देश चांगला’ याचे उत्तर मागणीआधी तुमच्या बागेपासून प्रक्रिया केंद्र किती लांब आहे आणि तिथे हंगामात वेळ मिळते का, यावर ठरते.

अवशेषांच्या बाबतीत २०१० सालचा द्राक्षांचा अनुभव विसरू नये. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ-नियंत्रक आपल्याकडे सर्रास वापरात होते, पण निर्यातीपूर्वीच्या तपासणीच्या यादीत नव्हते. युरोपात ते मर्यादेपेक्षा जास्त सापडले, कंटेनर अडकले आणि नाशिक-सांगली पट्ट्यातल्या बागायतदारांचे कंबरडे मोडले. माल खराब नव्हता. आपण जे तपासत होतो ते आणि तिकडे जे तपासत होते ते वेगळे होते. २०२० मध्ये तिळाच्या बाबतीत इथिलीन ऑक्साइडवरून असाच प्रकार झाला.

म्हणून देश पक्का करण्याआधी नाकारलेल्या मालाच्या नोंदी वाचा. युरोपीय संघाची ‘रॅसएफएफ’ ही असुरक्षित खाद्यमालाचा इशारा देणारी यंत्रणा आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची नाकारलेल्या खेपांची यादी दोन्ही सर्वांना खुल्या आहेत. आपला माल आणि ‘भारत’ असे टाकून मागच्या दोन वर्षांच्या नोंदी काढा. कशामुळे नाकारले ते तिथे लिहिलेले असते. तीच आपल्या प्रयोगशाळेला द्यायच्या चाचण्यांची पहिली यादी.

हे नियम फक्त अन्नालाच ना? आमचा माल पंप आणि सुटे भाग आहे.

यंत्रांचे नियम वेगळे, पण तितकेच नडणारे. युरोपला सीई चिन्ह, म्हणजे माल तिथल्या सुरक्षा नियमांत बसतो याची खूण, लागते. सौदी अरेबियात ‘सेबर’ या ऑनलाइन यंत्रणेत आधी उत्पादनाचे आणि मग प्रत्येक खेपेचे प्रमाणपत्र काढावे लागते. नायजेरिया आणि केनिया माल जहाजावर चढण्याआधीच तपासणीचे प्रमाणपत्र मागतात. हा खर्च बहुधा मॉडेलमागे येतो. चाळीस मॉडेल्सची यादी घेऊन गेलात तर प्रमाणपत्रांतच बुडाल, म्हणून पहिल्या देशासाठी चार-पाच मॉडेल्स निवडा.

कागदापेक्षा जास्त नुकसान विजेत आणि आट्यांत होते. सौदीत वीज ६० हर्ट्झ आहे, तर शेजारच्या अमिरातीत आणि ओमानमध्ये आपल्यासारखी ५०. फिलिपाइन्स आणि उत्तर अमेरिका ६० हर्ट्झची. ५० हर्ट्झसाठी बनवलेला पंप ६० वर लावला तर त्याचा वेग १.२ पट होतो आणि लागणारी शक्ती साधारण १.७ पट. मोटर जळते आणि दोष ‘इंडियन माल’ म्हणून आपल्या माथी येतो. इम्पेलरचा, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाचा, व्यास कमी करून किंवा मोटर बदलून स्वतंत्र मॉडेल करावे लागते. पाइपच्या आट्यांचेही तसेच : अमेरिकेत एनपीटी या मानकाचे आटे, त्यांचा कोन ६० अंशांचा. आपल्याकडे बीएसपी, ५५ अंशांचा. दोन्ही एकमेकांत थोडे शिरतात, म्हणूनच धोका. बसल्यासारखे वाटते आणि दाब आला की गळते.

थोडक्यात, ज्या देशात आहे तेच मॉडेल जसेच्या तसे चालते, त्या देशाला पहिल्या फेरीत जास्त वजन द्या.

मुक्त व्यापार करार झालेला देश निवडावा का?

करार हा चांगला कौल आहे, पण एकटा पुरत नाही. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन या एफ्टा देशांशी झालेला १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. जपान, कोरिया आणि आसियान हा आग्नेय आशियाई देशांचा गट यांच्याशी झालेले करार त्याही आधीचे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. सही होणे आणि करार लागू होणे यांत महिने जातात, हे दर देताना लक्षात ठेवा.

तीन प्रश्न विचारा. आपला कोड सवलतीच्या यादीत आहे का, आणि असेल तर शुल्क लगेच शून्य होते की टप्प्याटप्प्याने? उगमाचे नियम आपण पाळतो का? परदेशी कच्चा माल आणून इथे नुसते पॅकिंग केले तर तो ‘भारतीय’ ठरत नाही आणि सवलत मिळत नाही. आणि तिसरा, जो हमखास राहतो : प्रतिस्पर्ध्याला काय शुल्क आहे? आपले ५ वरून ० झाले, पण व्हिएतनामच्या मालाला आधीपासूनच ० असेल तर आपण पुढे गेलो नाही, बरोबरीला आलो.

सवलत ही कायमची नसते. अमेरिकेने जून २०१९ मध्ये भारताची जीएसपी, म्हणजे विकसनशील देशांना मिळणारी आयात शुल्काची, सवलत काढून घेतली. बांगलादेशाने २०१९ नंतर संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत नेले आणि अमरावती-नागपूर भागाचे सर्वात मोठे परदेशी गिऱ्हाईक आटले.

आपली किंमत तिथे बसेल का, हे घरबसल्या कसे काढायचे?

उलट्या बाजूने : दुकानातल्या किमतीपासून कारखान्यापर्यंत. ‘आमचा उत्पादनखर्च अधिक नफा’ इथून सुरू केलेला हिशेब तिकडच्या फळीवर कितीला पडेल ते सांगत नाही.

समजा, दुबईच्या दुकानात आपल्यासारख्या पाकिटाची किंमत रुपयांत १०० आहे. तिथला ५ टक्के व्हॅट काढला की ९५.२४ उरले. दुकानदाराचा वाटा ३० टक्के धरला तर ६६.६७. वितरकाचा २५ टक्के काढला की ५०. माल सोडवणे, गोदाम, स्थानिक वाहतूक यांचे ३ रुपये वजा केले की ४७. आयात शुल्क ५ टक्के असेल तर सीआयएफ किंमत ४७ भागिले १.०५, म्हणजे ४४.७६. जहाजभाडे आणि विमा ४ रुपये. न्हावा शेवाला आपल्या हातात पडले सुमारे ४१ रुपये. त्यातून कारखाना ते बंदर ट्रक आणि क्लिअरिंग एजंट भागवायचा.

यातले टक्के गृहीत धरलेले आहेत, ते मालागणिक बदलतात. पण हिशेबाचा आकार बदलत नाही : १०० चे ४०-४५ होतात. आणखी एक गोष्ट यातून दिसते. शुल्क ५ वरून शून्य झाले तर आपल्या वाट्याला जेमतेम सव्वादोन रुपये वाढतात. वितरकाचा वाटा २५ वरून २० टक्क्यांवर आणता आला तर जवळपास सव्वातीन रुपये वाढतात. शुल्कमाफीच्या बातमीने हुरळून जाणारे बरेच, वितरकाशी घासाघीस करणारे थोडे.

दुकानातल्या किमती आता ऑनलाइन सहज दिसतात. तिथल्या तीन-चार किराणा संकेतस्थळांवरून आपल्या वजनाच्या पाकिटांचे दर उतरवा. सवलतीतला दर सोडून नेहमीचा घ्या.

परदेशात आपली माणसे भरपूर आहेत. त्यांच्यासाठीच माल पाठवला तर?

सुरुवातीला उत्तम. भाजणीची चकली, गोडा मसाला, कोकम सरबत हे समजावून सांगावे लागत नाही. आखात, ब्रिटन, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाचा बे एरिया इथे दुकानांची साखळी तयार आहे.

पण दोन मर्यादा आहेत. एक, भारतीय दुकानांचा माल मोजक्या घाऊक आयातदारांमार्फत जातो. ते एका कंटेनरात वीस-तीस प्रकारचा माल एकत्र भरतात. तुमच्या एकट्या गोडा मसाल्याचा कंटेनर कोणी मागवणार नाही. ५० पेट्या मागवतील आणि उधारीही मागतील. बरेच जण तर तुमच्या मालावर स्वतःच्या ब्रँडची छपाई सांगतात. ते वाईट नाही, यंत्रे चालू राहतात, मात्र ब्रँड तुमचा होत नाही हे ओळखून दर द्या. दुसरी, ही बाजारपेठ लवकर भरते. मराठी चवीचे गिऱ्हाईक गुजराती किंवा पंजाबी चवीच्या मानाने थोडे. पुढे वाढायचे असेल तर चव नाही तर वापर सांगावा लागतो : मसाला म्हणून न खपणारी हळद पेयातली पूड म्हणून खपते, पण तिचे लेबल, चाचण्या आणि आयातदारही वेगळे.

आमचा नातेवाईक तिकडे आहे. तो वितरण करायला तयार आहे.

त्याच्याकडे आयातीचा परवाना, गोदाम आणि वसुली करणारा माणूस आहे का? नसेल तर त्याला बाजाराची माहिती काढायला सांगा, माल देऊ नका.

पैसे बुडणार नाहीत असा देश कसा ओळखायचा?

इथे देश आणि गिऱ्हाईक हे दोन वेगळे धोके आहेत. गिऱ्हाईक प्रामाणिक असूनही देशाकडे डॉलर नसले तर पैसे येत नाहीत. श्रीलंकेने परकीय चलन वाचवण्यासाठी २०२० मध्ये वाहनांची आयात थांबवली आणि भारतीय तीनचाकींसाठी वर्षानुवर्षे हक्काचे असलेले ते गिऱ्हाईक एका रात्रीत बंद झाले. नायजेरियाने जून २०२३ मध्ये आपल्या नायरा या चलनाचा दर बाजारावर मोकळा सोडला. डॉलरला साडेचारशेच्या आसपास असलेला दर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दीड हजारापलीकडे गेला. पुण्याहून जाणाऱ्या मोटारसायकली तिथे एकाएकी महाग झाल्या. मालात खोट नव्हती, गिऱ्हाइकातही नव्हती.

मुंबईत मुख्यालय असलेली ईसीजीसी ही सरकारी विमा कंपनी देशांची जोखमीनुसार प्रतवारी करते. ती नुसती पाहिली तरी खूप कळते. विमा घेतला तर नुकसानीचा साधारण ८० ते ९० टक्के भाग भरून मिळू शकतो, पण अटींसह. प्रत्येक खरेदीदारासाठी मर्यादा मंजूर करून घ्यावी लागते, थकबाकी वेळेत कळवावी लागते, आणि मालाच्या प्रतीवरून वाद झाला तर दावा लटकतो. ईसीजीसी एखाद्या खरेदीदाराची मर्यादा मंजूर करत नसेल तर तो आपल्यालाही इशारा समजावा.

नव्या देशात पहिल्या व्यवहाराला ३० टक्के आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) प्रत दाखवल्यावर, ही मागणी रास्त आहे. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेचे पैसे देण्याचे हमीपत्र, घेत असाल तर ते कोणत्या बँकेचे आहे ते पाहा. कमकुवत देशातल्या छोट्या बँकेचे पत्र दुसऱ्या मोठ्या बँकेने हमी दिल्याशिवाय कागदच.

एकच देश धरावा की एकदम चार-पाच?

कारखाना छोटा असेल तर पहिल्या वर्षी एक, फार तर दोन. प्रत्येक देशाचे लेबल वेगळे (आखाताला अरबी, कॅनडाला इंग्रजी आणि फ्रेंच), चाचण्या वेगळ्या, माणूस मात्र एकच.

दोन वर्षांनंतर मात्र दुसरा देश हवाच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा ज्यांची ७०-८० टक्के निर्यात तिकडे होती त्यांना हालायला जागा नव्हती. कोणत्याही एका देशाचा वाटा निम्म्याच्या वर जाऊ लागला की नव्या देशाचे काम काढा. तेव्हा हातात पैसे असतात. अडचणीत आल्यावर नसतात.

समुद्रमार्गाचा निवडीशी काय संबंध?

नाशवंत मालाच्या बाबतीत तो निर्णायक आहे. न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाज काही दिवसांत पोहोचते, युरोपला सुवेझमार्गे तीन-चार आठवडे. नोव्हेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि दहा-चौदा दिवस वाढले. द्राक्षांसाठी ते दोन आठवडे म्हणजे हिरवा देठ आणि वाळलेला देठ यांतला फरक. म्हणून टिकाऊपणाच्या हिशेबात वेळापत्रकातले दिवस न धरता वळशाचे दिवस धरा. त्यावर दुकानात पडून राहण्याचे किमान दहा दिवस मिळवा. तेवढे आयुष्य मालाला नसेल तर तो देश बाद.

हंगामही पाहा. आपली द्राक्षे युरोपात चालतात ती दक्षिण गोलार्धाचा माल ओसरत असतो त्या फटीत, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. दक्षिण आफ्रिकेचा हंगाम लांबला की त्या वर्षी भाव पडतो.

आपल्याच सरकारने निर्यात थांबवली तर?

कांदा करणाऱ्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण किमान दर आणि शुल्क राहिले, आणि शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ ला. मधल्या काळात गिऱ्हाइके पाकिस्तान आणि इजिप्तकडे वळली. असा माल असेल तर वर्षभराच्या पुरवठ्याचा पक्का करार मागणारी सुपरमार्केटे टाळा. खेपेगणिक सौदा करणारे देश आणि व्यापारी बरे. किंवा निर्जलित कांद्यासारख्या प्रक्रिया केलेल्या मालाकडे वळा. त्यावर असे निर्बंध सहसा येत नाहीत.

गुण देऊन तक्ता करण्याची पद्धत कामाची आहे का?

आहे, पण उशिरा. वर सांगितलेल्या चाळण्या लावून उरलेल्या तीन-चार देशांसाठीच तक्ता करा. बंद दार, न बसणारी किंमत, न येणारे पैसे यांना गुण द्यायचे नसतात, फुली मारायची असते. नाहीतर ‘मोठा खप’ला १० पैकी ९ गुण मिळून परवानगीच नसलेला देश पहिला येतो.

आणखी एक खोड : मालकाच्या मनात देश आधीच ठरलेला असतो आणि तो वर येईपर्यंत वजने बदलली जातात. त्यावर उपाय सोपा आहे. वजने आधी लिहून सही करून ठेवा, गुण नंतर दुसऱ्या माणसाला भरायला सांगा. वजने पाच टक्क्यांनी हलवल्यावर पहिला क्रमांक बदलत असेल तर ते दोन देश सारखेच आहेत असे समजा आणि जिथे आयातदार चांगला मिळतो तो घ्या.

जवळचा, ओळखीचा देश आधी घ्यावा, हे खरे का?

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या योहानसन आणि वाल्ने या संशोधकांनी १९७७ साली हेच मांडले : कंपन्या आधी भाषा, रीत, कायदा जवळचा वाटेल अशा देशात जातात आणि अनुभव घेत दूर सरकतात. आपल्याकडे नेपाळ, अमिरात, ओमान, मॉरिशस यांच्या बाबतीत ते बरेचसे दिसते.

पण ओळखीचे वाटते म्हणून सोपे असते असे नाही. अमेरिकेच्या ‘टार्गेट’ या दुकान-साखळीला कॅनडा परका वाटला नाही. २०१३ मध्ये तिने तिथे दुकाने उघडली आणि २०१५ मध्ये सगळी, म्हणजे १३३, बंद केली. मालाच्या नोंदी चुकीच्या, त्यामुळे फळ्या रिकाम्या. आणि सीमेपलीकडच्या अमेरिकेतल्या दुकानांपेक्षा कॅनडातले दर जास्त, म्हणून गिऱ्हाईक नाराज. जवळच्या देशात तपासणी ढिली होते, चूक तिथेच शिरते.

प्रत्यक्ष जायला हवे का? प्रदर्शन पुरेल?

दोन्ही हवे, पण क्रम महत्त्वाचा. खाद्यमालाच्या प्रदर्शनांपैकी दुबईचे गल्फूड दरवर्षी भरते. कोलोनचे अनुगा विषम वर्षी आणि पॅरिसचे सियाल सम वर्षी, दोन्ही ऑक्टोबरात. पहिल्या खेपेला स्टॉल घेऊ नका, नुसते फिरा. आपल्या मालाचे प्रतिस्पर्धी कोणते वजन, कोणते पॅकिंग, कोणती किमान मागणी सांगतात ते टिपा.

नंतरचे दोन दिवस दुकानांत घालवा. फळीवरच्या पाकिटाच्या मागे आयातदाराचे नाव आणि पत्ता छापलेला असतो. बहुतेक देशांत ते सक्तीचे आहे. विकत मिळणाऱ्या कोणत्याही यादीपेक्षा ही यादी खरी, कारण हे लोक तुमच्यासारखा माल आजही मागवत आहेत. उत्पादनाची तारीख पाहा : पाकीट आठ महिने जुने असेल तर माल हलत नाही.

पहिली खेप किती पाठवावी, आणि हा देश चुकला हे केव्हा मानायचे?

टिकाऊ मालाला कंटेनर भरण्याचा हट्ट नको. इतरांच्या मालासोबत दोन-तीन पॅलेट जातात, किलोमागे भाडे जास्त पडते. तो जादा पैसा शिकण्याचा खर्च धरा. द्राक्षांसारख्या मालाला मात्र ४० फुटी रीफर, म्हणजे शीत कंटेनर, लागतो, सुमारे १३-१४ टन. तिथे अर्धवट प्रयोग होत नाही, म्हणून नवख्याने पहिला हंगाम अनुभवी निर्यातदारामार्फत काढावा.

पहिल्या खेपेत विक्रीपेक्षा पाच गोष्टी मोजा : कस्टममध्ये किती दिवस गेले, फुटतूट किती, पैसे ठरल्या दिवशी आले का, दुकानातली खरी किंमत किती लागली, आणि आयातदाराने न विचारता दुसरी मागणी दिली का. शेवटची सर्वात महत्त्वाची. तिसऱ्या खेपेलाही आपल्यालाच फोन करून ‘पाठवू का?’ विचारावे लागत असेल, किंवा एफओबी दर प्रत्येक वेळी खाली आणावा लागत असेल, तर आधी आयातदार बदला. दुसऱ्या आयातदाराकडेही तेच झाले तर देश सोडा. उरलेली छापील पाकिटे तिकडच्या लेबलची असतील, म्हणून पहिल्या दोन खेपांना छपाईऐवजी चिकटपट्टीचे लेबल वापरा, त्या देशात ते चालत असेल तर.